सिद्ध झालेला आरोग्य कार्यक्रम आपल्या बस्तीत कसा उतरवायचा

इंदूरच्या मालवा मिलच्या मागच्या बाजूला एका छोट्या आरोग्य संस्थेत मी बीपीचं रजिस्टर बघत बसले होते, दोन पानं उलटली आणि हात थांबला. बेचाळीस नावं आणि सगळ्यांसमोर १२०/८०, १३०/८०, १२०/८०, परत १३०/८०. सत्तरीच्या आजींचं १२०/८० आणि त्यांच्या सुनेचंही तेच. मशीन डिजिटल होतं, म्हणजे १२७ येईल, १४३ येईल, ओळीने शून्यच कसे येतील? रजिस्टर भरणारी ताई खोटारडी अजिबात नव्हती, अर्ध्या रात्री गल्लीतल्या कुणालाही घेऊन एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, पळणारी बाई ती. विचारलं तर तिचे डोळेच भरून आले. मशीनच्या बॅटऱ्या दोन महिन्यांपूर्वी संपल्या होत्या, नवीनचे पैसे कुणाकडे मागायचे ते कुणी सांगितलंच नव्हतं, आणि महिनाअखेरीला ४० नावांचं टार्गेट होतं.

आणि संस्थेच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं काय, तर "बीपीचा प्रोग्राम आपल्या एरियात चालत नाही". अहो, चालत नाही म्हणायला तो आधी व्हायला तर हवा ना!

म्हणून हे लिहायला घेतलंय. तुमच्यापैकी बरेच जण रिटायर्ड डॉक्टर असतील, नर्स असतील, सोशल वर्क करणारी मुलं असतील, मंडळाचे कार्यकर्ते असतील, आणि एखाद्या आरोग्य संस्थेला मदत करायची मनापासून इच्छा असेल. संशोधनाने सिद्ध झालेल्या गोष्टी आपल्या देशात काही कमी नाहीयेत, अडतं ते त्या शेवटच्या गल्लीत जशाच्या तशा होण्यापाशी. मी स्वतः नर्सिंगमधून आले, अशा संस्थांबरोबर काम करताना जे शिकले ते सांगते.

सगळ्यात आधी, कार्यक्रम निवडायची घाई करू नका. दोन सकाळी संस्थेत नुसतं जाऊन बसा, वही पण काढू नका. लोक काय घेऊन येतात ते बघा. तुमच्या डोक्यात कुपोषण असतं आणि येणारी प्रत्येक बाई नवऱ्याच्या दारूचं सांगत असते, असं होतं. मग ताईंना तीन गोष्टी विचारा: हे काम नक्की करणार कोण, ती बाई सध्या आणखी काय काय करते, आणि ज्याला त्रास निघेल त्याला पुढे पाठवायचं कुठे. हा तिसरा प्रश्न मी तर पहिला धरते. जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये, म्हणजे बस्तीतल्या सरकारी दवाखान्यात, बीपीची गोळी दर महिन्याला नेमाने मिळते का, हे स्वतः जाऊन, काउंटरवर उभं राहून, दोन-तीनदा बघा. मिळत नसेल तर आधी तो गोळीचा प्रश्न सोडवा, तपासणी नंतर. माणसाला "तुम्हाला बीपी आहे" असं सांगून वाऱ्यावर सोडायचं, यापेक्षा न तपासलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता "सिद्ध झालेलं" म्हणजे काय ते बघू, कारण हा शब्द प्रत्येक जण वापरतो. एखाद्या अभ्यासाचं नाव कानावर आलं की मी विचारते, कुठे झाला, कोणत्या लोकांत झाला, आणि तिथे रोज प्रत्यक्ष काय काय केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला तो १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातून लोक काय उचलतात, तर "गावातली बाई घरी भेट देते" एवढंच. तिथे ती बाई बाळाचं वजन करत होती, ताप बघत होती, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करत होती, आणि तिच्या कामावर नियमित देखरेख होती. यातलं वजन आणि देखरेख काढून टाकली तर उरते ती नुसती पाहुणी. आता आशा दीदी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात ते त्या प्रयोगातूनच आलंय, आणि तिथेही तोच प्रश्न, की गेली तेव्हा बाळाला वजनकाट्यावर ठेवलं की दारातूनच विचारून आली.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, विशेषतः आपल्या शहरासाठी. झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेने बायकांचे गट केले, दर महिन्याला मीटिंग, गोष्टी, चित्रं, खेळ, आपलं बाळ का दगावतं ते बायकांनीच शोधायचं आणि उपायही त्यांनीच ठरवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ४५ टक्क्यांनी कमी झाला, २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला. मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ४८ वस्त्या घेऊन जवळपास त्याच धर्तीचं काम झालं, २०१२ मध्ये निकाल आला आणि मृत्यूदरात म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन्हीकडे मेहनत करणारी चांगली माणसं होती. पण मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात होत होती, झारखंडच्या गावात तसं नव्हतं, म्हणजे मुळात जो अडथळा गटांनी दूर करायचा होता तोच दोन जागी वेगळा. आता सांगा, आपलं खजराना, मूसाखेडी, बाणगंगा कुणासारखं आहे? मला तर मुंबईच्या जवळचं वाटतं. पण बायपासच्या बाजूला बिल्डिंगच्या साइटवर झाबुआ-अलिराजपूरकडून आलेली जी कुटुंबं ताडपत्रीखाली राहतात ती पुन्हा वेगळी, त्यांच्यासाठी वेगळा विचार लागेल. एकाच शहरात, चार किलोमीटरवर.

यानंतरचं काम बसून करायचंय आणि ते टाळू नका. एक कोरा कागद घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे कार्यक्रमाची हाडं, उजवीकडे कपडे. हाडं म्हणजे जे बदललं की तो कार्यक्रम तो राहतच नाही. कपडे म्हणजे जे आपल्या बस्तीप्रमाणे बदलायलाच हवं. बीपीचंच घ्या, आपल्या देशात २०१७ च्या अखेरीस हायपरटेन्शन, म्हणजे वाढलेलं बीपी, कंट्रोल करण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश होतं. त्याची हाडं मोजून पाच: औषधांची एक सोपी ठरलेली पद्धत, गोळ्यांचा न तुटणारा पुरवठा, डॉक्टर-नर्स-आशा सगळ्यांनी वाटून घेतलेलं काम, पेशंटला घराजवळ सोयीने मिळणारी सेवा, आणि कोण आलं कोण नाही आलं याची नोंद. यातलं एकही काढता येत नाही. कपडे मात्र हवे तसे शिवा. वेळ सकाळची की संध्याकाळची, मंदिराच्या ओट्यावर की आंगनवाडीत, बोलावणं कोण धाडेल, बोलायचं मालवीत की निमाडीत, सगळं तुमच्या हातात.

मिठाचं सांगते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. हे हाड. पण इंदूरमध्ये कुणाला "सेव बंद करा" म्हटलं की तो माणूस पुढच्या महिन्यात येतच नाही, मी खूप वेळा बघितलंय. पोह्यावर सेव, डाळीवर सेव, पाहुणा आला की सेव, ती अशी सुटते होय? मग आम्ही ताईंबरोबर बसून ठरवलं की असं सांगायचं: पोह्यावरची चिमूटभर राहू दे, पण जेवताना ताटात वेगळी घ्यायची नाही आणि भाजीत मीठ एकदाच, वरून नाही. हे त्या बायकांनीच सुचवलं, मला सुचलं नसतं. लोक ऐकतात, कारण ऐकण्यासारखं आहे.

आता ज्या बाईच्या जिवावर हे सगळं चालणार तिचा विचार. शहरी भागातल्या आशाकडे साधारण २०० ते ५०० घरं असतात, त्यात लसीकरण, गरोदर बायका, टीबीच्या गोळ्या, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघणारी प्रश्नावली), शिवाय जो काही सर्व्हे वरून येईल तो. संस्थेच्या कार्यकर्तीचंही कमी-जास्त तसंच. तिच्या डोक्यावर तुम्ही आणखी एक रजिस्टर ठेवलंत की कुठलं तरी जुनं काम गुपचूप बंद पडणार किंवा मग १२०/८० लिहिलं जाणार. त्यामुळे माझा नियम असा, की नवीन काम द्यायच्या आधी एक जुनं काढून घ्यायचं, आणि ते कमिटीकडून लेखी काढून घ्यायचं. एका ठिकाणी तीन रजिस्टरं होती, तिन्हीत तेच नाव, तोच पत्ता, तोच मोबाइल नंबर. आम्ही दोन बंद केली. यासाठी मला कमिटीत पाऊण तास वाद घालावा लागला पण ताईंचा दिवसाचा तासभर वाचला, आणि त्या तासातच नवीन काम बसलं.

ट्रेनिंगचं तर बोलायलाच हवं. हॉलमध्ये एक दिवस, प्रोजेक्टर, दुपारी पुरी-भाजी, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो, यातून माहिती मिळते, हात तयार होत नाही. दोन तास पुरे आहेत, त्यातही बोलणं कमी आणि एकमेकींवर करून बघणं जास्त. खरं ट्रेनिंग त्यानंतर, तिच्यासोबत तिच्या गल्लीत जाऊन. आणि तारखा ठरवताना कॅलेंडर बघा हो. मिलच्या भागात अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात ट्रेनिंग ठेवलं तर कोण येणार, सगळं घर झाँकीच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या, तयारीत असतं. रंगपंचमीचं तर सांगायलाच नको.

एक सकाळ सांगते म्हणजे कळेल मी सोबत जाण्यावर एवढा जोर का देते. जानेवारी, कडाक्याची थंडी, ताई एका काकूंचं बीपी घेत होती. काकू पलंगावर बसलेल्या, पाय खाली लोंबकळत, अंगात स्वेटर, कफ, म्हणजे मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा, स्वेटरच्या बाहीवरूनच बांधलेला, हात मांडीवर, आणि काकू मुलीच्या लग्नाचं सांगताहेत, समोरची माणसं किती मागताहेत वगैरे. नुकताच चहा झालेला. मशीनवर १५८ आलं. मी काही बोलले नाही, बोलून तिला काकूंसमोर खाली पाहायला लावणं मला पटत नाही. म्हटलं काकू, अर्धा तास बसूया का, तोवर लग्नाचं सगळं सांगा. मग बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, स्वेटरची बाही काढली, बादली उलटी करून पायाखाली दिली म्हणजे तळवे टेकले, पाठीला भिंत, हाताखाली दोन उशा ठेवून कफ छातीच्या पातळीला आणला. पाच मिनिटं तिघी गप्प. १४४. एक मिनिट थांबून परत, १४२. १४०/९० च्या वर आहेच, म्हणजे क्लिनिकला पाठवायचंच, पण आता तो आकडा खरा होता. ताईने बाहेर आल्यावर विचारलं, "दीदी, त्या उशांनी एवढा फरक पडतो?" पडतो. हात खाली लोंबत असेल तर वाढीव येतं, कफ दंडाला लहान असेल तर वाढीव येतं, बोलत असेल तर वाढीव येतं. ट्रेनिंगच्या स्लाइडवर हे सगळं होतं, पण स्लाइडवर पलंग नव्हता, आणि बस्तीत खुर्ची नसते. त्या दिवसापासून तिच्या पिशवीत घडीचं छोटं स्टूल आलं.

सोबत जाणं पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, नंतर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यातून एकदा. तुम्हाला कायम जमणार नाही, म्हणून ताईंनीच एकमेकींचं बघावं अशी सवय लावा. गोव्यात 'संगाथ' संस्थेने डिप्रेशनसाठी साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांचा उपचार करून दाखवला, २०१७ मध्ये तोही लॅन्सेटमध्ये आला, आणि त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून मार्क देत होते. बाहेरून तज्ज्ञ येऊन चूक काढतो तेव्हा माणूस बचाव करतो, बरोबरीची मैत्रीण सांगते तेव्हा शिकतो. त्याच उपचाराचं ट्रेनिंग आशांना कसं द्यायचं यावर नंतर आपल्या शेजारी सीहोर जिल्ह्यात काम झालं, तेव्हा हे काही परदेशातलं नाहीये.

सुरुवात कराल ती एका गल्लीत करा. वीस माणसं, चार आठवडे. दर आठवड्याला अर्धा तास बसायचं, काय अडलं ते विचारायचं, एकच गोष्ट बदलायची, पुढच्या आठवड्यात ती चालली का बघायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळतच नाही. कमिटीला हे फार हळू वाटतं, त्यांना एकदम बारा बस्त्या हव्या असतात. त्यांना मी कचरागाडीची आठवण करून देते. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं ते काय भाषणाने? गाडी रोज ठरलेल्या वेळी दारात आली, गाणं वाजलं, ओला-सुका वेगळा नसेल तर माणसाने तिथेच सांगितलं, आणि हे एक दिवसही चुकलं नाही. लोकांना सवय लागली कारण गाडीने आधी स्वतःची सवय मोडली नाही. आरोग्याचंही अगदी हेच, मंगळवारी दहा वाजता ताई ओट्यावर दिसलीच पाहिजे, पाऊस असो नाही तर लग्न.

मोजायचं काय, यावर बहुतेक संस्था चुकतात आणि त्यात त्यांचा दोष कमी, देणगीदार विचारतात तेच त्या मोजतात. किती शिबिरं, किती लाभार्थी, किती फोटो. तुम्ही फक्त असं विचारा: ज्यांना बीपी निघालं त्यांच्यातले तिसऱ्या महिन्यात गोळी घेणारे किती, आणि त्यातले १४०/९० च्या खाली किती. बस, हे दोन आकडे महिन्याला. हे मात्र न आलेल्यांना वगळून काढायचे नाहीत. चाळीस पेशंट आहेत, बावीस आले, त्यातले अठरा कंट्रोलमध्ये, तर तुमचा आकडा चाळिसात अठरा आहे, बावीसात अठरा नाही. हा फरक कमिटीच्या खजिनदारांना एकदा व्याजाच्या हिशेबासारखा समजावून सांगा, पटकन कळतो त्यांना.

जे आले नाहीत त्यांची यादी सोमवारी सकाळी काढायची आणि त्या आठवड्यातच घरी जायचं, रागवायला नाही, विचारायला. उत्तरं ऐकाल तर साधी असतात. गोळीने पाय सुजले म्हणून सोडली. बरं वाटलं म्हणून सोडली. दिवाळीला गावी गेलो ते सोयाबीन-गव्हाच्या कामात तिकडेच राहिलो. पहिल्यासाठी डॉक्टरकडे परत न्यायचं, दुसऱ्याशी बसून बोलायचं, तिसऱ्यासाठी सणाच्या आधीच डॉक्टरांना विचारून जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का बघायचं. तिघांनाही "जनजागृती कमी पडली" असं लिहून टाकू नका.

ज्यांना थोडं शास्त्रशुद्ध हवंय त्यांच्यासाठी, रसेल ग्लासगो वगैरे अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये एक चौकट मांडली, री-एम म्हणतात तिला, पाच प्रश्न आहेत: ज्यांना गरज आहे त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत पोचलं, त्यांना फायदा झाला का, किती संस्थांनी-कार्यकर्त्यांनी ते हातात घेतलं, जसं ठरलं तसं झालं का, आणि टिकलं का. माझ्या अनुभवात चौथा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. आणि सहा महिन्यांनी फरक दिसला नाही तर सगळ्यात आधी तोच विचारा. नीट झालंच नसेल तर दुरुस्त करा. पण ठरल्यासारखं मन लावून केलं आणि तरी फरक नाही, तर मात्र हिमतीने थांबवा, दुसरं निवडा, ताईंना सांगा की चूक तुमची नव्हती. हे सांगायला विसरू नका, त्या मनाला लावून घेतात.

पैशाचं एवढंच, की देणगीदाराशी पहिल्याच बोलण्यात दुसऱ्या वर्षाचं विचारा. मंडप, बॅनर, नारळ यावर होणारा खर्च बघितला की मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या गोष्टींवाचून काम अडतं त्या कुठल्याच बजेटमध्ये नसतात: ताईचं रिक्षाभाडं, मोबाइलचं रिचार्ज, मोठ्या दंडाचा कफ, मशीन वर्षातून एकदा तपासून घेणं. कागदावर त्यांची स्वतंत्र ओळ करून घ्या, "इतर खर्च"मध्ये टाकू देऊ नका.

तुम्ही तिथून निघाल तेव्हा ते हाडं-कपड्यांचं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, खाली संजीवनी क्लिनिकच्या सिस्टरचा नंबर, मशीन कुठे दुरुस्त होतं तो पत्ता, आणि पैसे कुणाकडे मागायचे त्याचं नाव मोठ्या अक्षरात. मालवा मिलच्या त्या संस्थेत आता कपाटात एक डबा आहे, त्यात आठ बॅटऱ्या असतात, चार उरल्या की ताई कुणालाही न विचारता गल्लीच्या दुकानातून आणते आणि बिल डब्यातच ठेवते. मागच्या वेळी रजिस्टर उघडलं तर १३७, १५२, १२९, १६१ असे आकडे होते, आणि १६१ च्या पुढे पेन्सिलीने लिहिलेलं, "बुधवारी घरी जाणे".